काकाची गाडी काकीच्या नावावर होताना

काका गेला, आमच्या बौद्ध रीतीने त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. समाजाच्या गावशाखेची माणसं पांगली, गावच्या मुंबई मंडळाची चार माणसं जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसली आणि मोठ्या काकांनी विषय काढला. मोठे काका म्हणजे माझ्या बाबांचे आणि गेलेल्या काकाचे थोरले भाऊ. मुंबईत नोकरी केली, तिथेच राहिले. गावाला वर्षातून दोनदा येतात, पण घरातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल तेच लावतात.

"गाडी काढून टाकूया," ते म्हणाले. "अंगणात उभी राहून गंजायची. चांगलं गिऱ्हाईक आहे माझ्या बघण्यात."

बाबा खांबाला टेकून ऐकत होते. बाबा चिरेखाणीवर कामाला. दिवसभर दगड कापायच्या मशिनच्या आवाजात असतात, त्यामुळे घरी त्यांना बोलायचं सुचत नाही. मंडळाच्या माणसांनी माना हलवल्या. आणि तेवढ्यात आतल्या दारातून काकी म्हणाली, "गाडी मी चालवणार."

हातात रिकामं पातेलं, पदर खोचलेला. गेल्या बारा दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

ओट्यावरची सुपारी थांबली. मोठे काका हसले, म्हणजे रागावले नाहीत, लहान मूल काही बोललं की हसतात तसे हसले. "चालवणं वेगळं आणि धंदा वेगळा गो. स्टँडवर उभी राहणार काय तू?"

"राहीन."

खोटं कशाला सांगू, दुःखाच्या घरात मला त्या क्षणी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आता गाडीचं सांगते. काकाची पिवळ्या नंबरप्लेटची सात सीटर टॅक्सी होती. पालीच्या स्टँडवर तो भाड्याला उभा राहायचा. रत्नागिरीच्या दवाखान्यात पेशंट ने, लग्नाचं वऱ्हाड पोचव, हातखंब्याला मुंबईहून उतरलेल्या माणसाला त्याच्या वाडीवर सोड, असा धंदा. काका-काकीला मूलबाळ नाही. मला कॉलेजात घालायचा हट्ट काकाचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले तेव्हा काकाने स्टँडवर पेढे वाटले आणि तेव्हापासून पालीच्या स्टँडवर माझं नाव 'बीकॉम' पडलं. "काय गो बीकॉम, नोकरी लागली का?" रोज. नोकरी लागली नव्हती. पदवीला पाच महिने झाले होते आणि मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती.

काकीला गाडी काकानेच शिकवली, आमच्या गावावरच्या कातळाच्या सड्यावर. लायसन काढून सहा वर्षं झाली होती. ज्या पहाटे काकाच्या छातीत दुखायला लागलं, त्या पहाटे गाडी काकीनेच काढली. त्याबद्दल पुढे सांगेन.

स्टँडचा एक नियम आहे. भाडं नंबराने मिळतं. सकाळी जो आधी येईल त्याचं नाव वहीत आधी. पण वहीत नाव चढतं ते गाडीच्या मालकाचंच. मालक गेला की नंबर बंद, वारसाच्या नावावर गाडी झाली की पुन्हा सुरू. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. पूर्वी एका गाडीच्या दोन वारस भावांची स्टँडवरच मारामारी झाली, तेव्हापासून 'पुस्तकावर नाव तर वहीत नाव'. पुस्तक म्हणजे गाडीचं आरसी. आता ते प्लॅस्टिकचं कार्ड असतं, पण आमच्याकडे सगळे पुस्तकच म्हणतात.

म्हणजे काकीला स्टँडवर उभं राहायचं असेल तर आधी पुस्तकावर तिचं नाव यायला हवं होतं. ते कसं येतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत. पण शोधून वाचायला शिकवतात. दोन दिवस मी मोबाईलवर आणि रत्नागिरीच्या आरटीओच्या फलकावर जे जे लिहिलं होतं ते वहीत उतरवून घेतलं. मालक गेल्याचं तीस दिवसांच्या आत कळवायचं. तीन महिन्यांच्या आत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. तेवढे तीन महिने परमिटही वारसाला वापरता येतं आणि विमाही चालतो, पण मध्येच पॉलिसीची मुदत संपत नसेल तरच. तीन महिने उलटले की सगळंच लोंबकळलं. आणि वारस? मूल नाही, आजी-आजोबा केव्हाच गेलेले. वारस एकटी काकी. भाऊ वारसात येत नाहीत. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

काकीला म्हटलं, "काकी, पुस्तक दे. पॉलिसी दे. मी सगळं करते."

"गाडीत असंल. त्याच्या पाकिटात."

गाडीचा पुढचा कप्पा उघडला. एक टॉर्च, कापडाचा बोळा, आवळा सुपारीची पुडी. पाकीट नाही. काकाचं ते काळं रेक्झिनचं पाकीट सगळ्या स्टँडला माहीत होतं. आरसी, लायसन, पॉलिसी, टॅक्सची पावती, सगळं त्यात. सीटखाली बघितलं, कपाट उपसलं, तांदळाच्या पिंपातसुद्धा हात घालून बघितला. नाही. शेवटी मी स्टँडवर गेले.

स्टँडवर पाच गाड्या उभ्या होत्या. सगळ्यात जुने ड्रायव्हर तात्या बोनेटला टेकून पेपर वाचत होते. खरं तात्या ते कोणाचेच नव्हेत, पण सगळे तात्याच म्हणतात.

"तात्या, काकाचं काळं पाकीट कुठे बघितलंत?"

पेपर खाली आला. तात्यांनी बाजूच्या ड्रायव्हरकडे बघितलं. तो आपल्या चपलांकडे बघायला लागला. तिसऱ्याला अचानक टायरची हवा बघायची आठवण झाली.

"काय झालं?"

"बीकॉम," तात्या म्हणाले, "तू आधी चहा घे."

"चहा नको. पाकीट कुठे आहे?"

"त्याच्यासोबत हाय."

"कोणासोबत?"

"तुझ्या काकासोबत."

मला काही कळेना. मग तात्यांनी सांगितलं. काकाला शेवटचं नेलं तेव्हा स्टँडची सगळी माणसं होती. काकाला त्याचा खाकी शर्ट घातला होता. तात्यांनी गाडीतून पाकीट आणलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. का, तर ड्रायव्हर कागदांशिवाय घराबाहेर पडत नाही. आमच्या स्टँडवर हे आधीही दोनदा केलं गेलं होतं, पण ते दोघे दुसऱ्याच्या गाडीवर होते, त्यांच्या पाकिटात नुसतं लायसन. काकाच्या पाकिटात अख्खी गाडी होती.

"आमी मानाने ठेवलं गो," तात्या म्हणाले. "ह्याच्यात पुस्तक असंल हे डोक्यातच नाय आलं."

मी घरी जाऊन काकीला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदा. "मेला टॅक्सची पावतीपण घेऊन गेला," ती म्हणाली. "वरती कोण अडवणार होतं याला?" मग मीपण हसायला लागले. बाबा खाणीवरून आले तर आम्ही दोघी ओटीवर बसून हसतोय. ते दारातच उभे राहिले, मग हातपाय धुवायला गेले.

दुसरं पुस्तक काढायचं तर आधी पोलिसांचा दाखला हवा. आम्ही चौकीवर गेलो. मी, काकी, आणि तात्या. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रात्रभर झोपले नव्हते असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. त्यांना वाटत होतं आपल्याला आत टाकणार.

वाटेत ते मला म्हणाले, "बाजारात हरवलं म्हणून सांग की. कशाला उगाच."

"हरवलं नाही ना तात्या."

"नाय, पण..."

"मग नाही सांगणार."

हवालदार वयस्क होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. "काय हरवलंय?"

"गाडीचं आरसी, विम्याची पॉलिसी आणि काकाचं लायसन. पण हरवलं नाही. जळालं."

"आग लागली कुठे?"

"लागली नाही. लावली."

पेन थांबलं. "कोणी?"

"माझ्या बाबांनी."

हवालदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात मागून तात्या पुढे घुसले. "साहेब, तिच्या बापाचा काय दोष नाय. आगीच्या आधी मीच ठेवलेलं."

"काय ठेवलेलं?"

"पाकीट."

"कुठे?"

"खिशात."

"कोणाच्या?"

"मयताच्या, साहेब."

हवालदार आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग मी मृत्यूचा दाखला पुढे केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. "माझी इतकी वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले, "लोक बाजारात हरवलं, गाडीवरून पडलं असंच सांगतात. हे पहिल्यांदा ऐकतोय." आणि त्यांनी जसं घडलं तसंच लिहिलं. तात्यांचा जबाब घेतला. तात्यांनी सही केली आणि विचारलं, "मग मी जाऊ?"

"जावा की. आणि पुढच्या वेळेला झेरॉक्स ठेवा."

बाहेर आल्यावर तात्यांनी आम्हा दोघींना वडापाव खिलवला. माझे पाय जमिनीवर नव्हते. खरं सांगून काम झालं होतं. आणि तीस दिवसांच्या आतलं कळवण्याचं पत्रही त्याच दिवशी देऊन पोच घेतली होती. पोचेचा शिक्का मी बसमध्ये चारदा काढून बघितला.

गाडीचा वर्षाचा टॅक्स नेमका त्याच महिन्यात भरायचा होता. माणूस गेला तरी गाडीचा टॅक्स थांबत नाही. तो भरलेला असल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. भरायला ऑनलाइन बसले तर ओटीपी गेला काकाच्या फोनवर. फोन काकीने चालू ठेवला होता, उशाशी चार्जिंगला असायचा. आतल्या खोलीत तो वाजला. मेसेज आला की काकाच्या फोनमधून गाडीच्या हॉर्नसारखा आवाज यायचा. काकी धावत आत गेली आणि लगेच बाहेर आली नाही. मग आतूनच एकेक आकडा सांगितला. मी टाकला. पावती निघाली, काकाच्याच नावाची. अजून पुस्तकावर तोच होता ना.

पण खरी परीक्षा पुढे होती. दुसऱ्या पुस्तकासाठी दिवस लागत होते, वारसाची कागदपत्रं गोळा करायची होती, प्रतिज्ञापत्र करायचं होतं. दुसरा महिना सरत आला. मोठ्या काकांचा मुंबईहून फोन आला. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, गाड्यांची कामं करतो. त्याला भेट. आठ दिवसांत करून देईल."

भेटले. चहाच्या टपरीवर त्याने फॉर्म काढला. तो माझ्याशी मोठ्या भावासारखा बोलत होता. "ताई, मयत दाखवलंत म्हणून एवढा घोळ. मागची तारीख टाकू, त्यांनीच जिवंतपणी बायकोला गाडी विकली असं दाखवू. इथे त्यांची सही झाली की विषय संपला." जिथे सही करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारून दिली. "सही नसेल जमत तर मी बघतो."

मला जमत होती. हेच तर. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही मीच करायचे, काका भाड्यावर असायचा म्हणून. "कर गो, माझ्यापेक्षा तुझीच चांगली येते," असं तोच म्हणायचा. फॉर्म घेऊन मी घरी आले. आतापर्यंत मी फार सत्यवचनी असल्यासारखं लिहिलंय, पण त्या संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर काकाची सही तीनदा करून बघितली. तिन्ही हुबेहूब आल्या. दिवस संपत चालले होते आणि हे काम हुकलं तर मोठे काका म्हणणार, बघ, तुमच्याने होणार नव्हतं. मला काकीच्या धंद्याइतकीच माझ्या नाकाची काळजी होती.

काकीने पान बघितलं. "हे काय?"

मी सांगितलं. ती खाली बसली.

"तो गेला तेव्हा मी गाडी चालवत होते," ती म्हणाली. "बाजूच्या सीटवर होता. घाटीला लागलो तर म्हणतो, तिसरा टाक. वळणावर म्हणतो, हळू, दुसरा. हातखंब्यापर्यंत मला गिअर सांगत होता. हातखंब्याचा पूल आला आणि सांगायचा थांबला. मला वाटलं झोप लागली." मग म्हणाली, "त्या दिवशी गेला तो, बाय. आणि तू कागदावर लिवणार की त्याच्या आधीच त्याने मला गाडी विकली? मला त्याने काय विकलंन नाय. मी त्याची बायको म्हणून मिळणार असेल तर मिळू दे."

मी फॉर्म फाडला. वहीचं पानही फाडलं. मग रीतसर विचार केला. विमा, परमिट, टॅक्स, सगळ्याला मृत्यूची तारीख जोडलेली होती आणि कळवण्याच्या पत्रावर पोचेचा शिक्का होता. खोट्या तारखेच्या गाडीत उद्या सहा माणसं बसून काही झालं असतं तर विम्याने हात वर केले असते, आणि सही माझी निघाली असती.

मोठ्या काकांना फोन केला. म्हटलं, "तुमच्या माणसाकडून नाही करत. आणि मोठे काका, कायद्याने वारस काकी एकटी आहे." हे सांगायला मी दोन महिने उतावीळ होते. सांगून टाकलं एकदाचं. मग ते म्हणाले, "मला त्या गाडीतलं काय नको गो. माझ्या भावाची गाडी दुसरं कोणी चालवताना बघवणार नाही, म्हणून विकूया म्हणत होतो."

फोन स्पीकरवर होता. काकी चुलीपासून ओरडली, "दुसरं कोण? मी काय दुसरी हाय?"

"तू नव्हे गो..."

"मग झालं."

नंतरचे दिवस मला घोड्यावर बसल्यासारखे आठवतात. ग्रामपंचायत, तहसील, नोटरी, विम्याचं ऑफिस. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळची धरून परत. काकी डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी घ्यायची आणि आम्ही ऑफिसबाहेरच्या कट्ट्यावर खायचो. विम्याच्या ऑफिसातल्या बाईंनी पॉलिसीची नक्कल काढून दिली. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी कधी क्लेमच केलेला नाही. एवढी वर्षं टॅक्सी चालवून! त्याची सवलत साठलेली आहे. ती बायकोला मिळते."

काकीने मला कोपराने ढोसलं. "म्हणजे काय?"

"काकाने गाडी कुठे ठोकली नाही त्याचं बक्षीस."

"ते मला?"

"तुला."

"ठोकलीन होतीन एकदा," काकी माझ्या कानात म्हणाली, "माझ्या माहेरच्या गोठ्याला. पण कोणाला सांगितलंन नाय."

नवं आरसी आल्यावर गाडी घेऊन आरटीओला जायचा दिवस ठरला. तीन महिने भरायला तेरा दिवस उरले होते. तिथल्या खिडकीवर एक बाई होत्या, बारीक चणीच्या, कागद पत्त्यांसारखे पिसणाऱ्या. मी फाईल पुढे केली आणि सुरू झाले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा दाखला, टॅक्सची पावती, विमा. कोणता कागद कितवा हे मला पाठ होतं. मी बोलतेय, बोलतेय.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अर्जदार कोण?"

"ही माझी काकी."

"मग त्यांना बोलू द्या."

तीन महिने प्रत्येक खिडकीवर मीच बोलत होते आणि काकी मागे पिशवी धरून उभी राहायची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी बाजूला झाले. काकी पुढे गेली. खिडकीच्या गजाला हात धरून तिने सांगितलं, "मालक माझा नवरा होता. वारला. गाडी माझ्या नावावर करायची हाय."

"चालवणार कोण?"

"मी."

बाईंनी मान वर केली. "टॅक्सी?"

"व्हय. पालीच्या स्टँडवर."

"लायसन बघू." बघितलं, परत दिलं. "गाडीची तपासणी करून घ्या. चॅसिस नंबरचा छाप हवा."

चॅसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची की आकडे उमटतात. तिथे बरीच माणसं आपापल्या गाड्यांखाली ते आकडे शोधत होती. एक जण मोबाईलच्या उजेडात अर्धा तास लोळत होता. काकीने पदर कमरेला घट्ट खोचला, पुढच्या उजव्या चाकाशी जमिनीवर आडवी झाली, हात आत घातला आणि एका दमात छाप घेऊन बाहेर आली. पाठीला सगळी तांबडी माती.

तपासणीच्या साहेबांनी कागद उजेडात धरला. "कोणी काढला? स्वच्छ आलाय."

"मीच."

"जरा पुढे घेऊन मागे लावा गाडी."

तिने लावली. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, आरशात बघत, एकदाच. मी टाळी वाजवली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी हात मागे घेतले.

मेसेज चौथ्या दिवशी आला. काकी परसात बांगडे साफ करत बसली होती, दोन्ही हातांना खवले. मोबाईल पदरात वाजला. "काढ गो बाय, माझे हात वंगाळ हायत." मी काढला, वाचला, आणि ओरडले ते शेजारच्या वाडीत ऐकू गेलं. नावावर करण्याचा अर्ज मंजूर. त्याखाली गाडीचा नंबर आणि काकीचं नाव, तिचं पूर्ण नाव, जे मी आयुष्यात दोन-तीनदाच ऐकलं असेल. काकीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. बांगड्याच्या हातांनी माझे गाल धरले. तो वास दोन दिवस गेला नाही. मेसेजची प्रिंट काढून आम्ही विम्याच्या ऑफिसात दिली, पॉलिसीवरही तिचं नाव लागलं, आणि नवं कार्ड नि परमिटचा कागद मागोमाग आले. आठवडा बाकी होता.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा स्टँडवर गेली त्या दिवशी मी पहाटेच तिच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. केस धुतलेले, नवा ड्रेस. माझाच सत्कार असल्यासारखी. स्टँडवर चार गाड्या आधीच लागलेल्या. तात्यांनी वही आणली. पुस्तक बघितलं, प्लॅस्टिकचं कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं, आणि म्हणाले, "वयनी, आज पहिला नंबर तुमचा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"किती गाड्या लागल्यात?"

"चार. पण..."

"मग माझा पाचवा."

"अवो, मानाने देतोय."

"मानाने तुमी पाकीट दिलंत," काकी म्हणाली, "माझे तीन महिने गेले. नंबराने येते मी."

स्टँडभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने तात्या हसले. वहीत पाचव्या ओळीवर नाव चढलं. मग वाट बघणं. एक गाडी गेली, दुसरी गेली. दहा वाजले, अकरा वाजले, आंब्यावरचे फवारे मारायला निघालेली माणसं पंप घेऊन गेली, मुंबईहून आलेलं एक कुटुंब तिसऱ्या गाडीने गेलं, चौथीही गेली, तात्या जवळचं भाडं सोडून परतही आले. काकीने काच दोनदा पुसली. मी तिला म्हटलं घाबरलीस का, तर म्हणाली, "भूक लागलीय."

साडेअकराला आमचा नंबर आला. वरच्या वाडीतल्या एका घरचं भाडं होतं. सून दिवसांत होती, तिला तपासायला रत्नागिरीला न्यायची. सासू, सून, तिचा नवरा, आई, आणि आईच्या सोबतीला दोघी. सासूने मागचं दार उघडून सुनेला आत बसवलं आणि इकडेतिकडे बघितलं. "डायवर कुठे गेला गो?"

"बसा तुमी," काकी म्हणाली. "दार ओढून घ्या, नीट लागत नाय ते."

सासूने काकीकडे बघितलं, स्टेअरिंगकडे बघितलं, परत काकीकडे बघितलं. सून मागून म्हणाली, "बसा हो आत्ये, मला उभं ऱ्हावत नाय." सगळे बसायला लागले. मागे तीन, मध्ये दोन. नवरा उरला. तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.

काकी माझ्याकडे वळली. "बीकॉम, उतर."

"अगं पण आज पहिलं..."

"सात सीटची परवानगी हाय. तूच वाचून दाखवलंस ना मला? उतर चल, पेशंट हाय."

उतरले. नवा ड्रेस घालून पालीच्या भर स्टँडवर उभी राहिले आणि काकीने गाडी वळवली. गिअर टाकताना मान जराही खाली झाली नाही तिची. गाडी हातखंब्याच्या दिशेने लागली, फाट्यावर एकदा हॉर्न दिला आणि दिसेनाशी झाली. मागे तात्या मला विचारत होते, "आता घरी कशी जाणार गो? चालत?"

मी म्हटलं, "चालत तर चालत."